आधी परडी, मग पाककृती: घरच्या भाज्या आणि फळे हंगामाप्रमाणे कशी रांधावीत

घरची भाजी वाया जाते ती बहुतेक वेळा तोडणी आणि चूल यांच्या मधल्या वेळात. चांगली वाढलेली भेंडी निबर झाल्यावर हाती येते, पालक ओलाच पिशवीत कोंबल्यामुळे दुसऱ्या दिवशी चिकट होतो, टोमॅटो फ्रीजमध्ये चव हरवून बसतात, आणि दुधीचा तुकडा चाखून न पाहताच तो पातेल्यात जातो. यातल्या बहुतेक चुकांमागे एकच सवय असते: आधी पाककृती ठरवायची आणि मग तिच्यासाठी बागेत जायचे. विकत आणताना ही रीत चालते, कारण हवी ती वस्तू हव्या त्या मापात मिळते. बाग मात्र आज अर्धा किलो घेवडा, दोनच वांगी आणि कालच्या वाऱ्याने पडलेले चार पेरू देते, आणि जेवण त्यांतूनच उभे करावे लागते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत.

टप्पा १: तोडणीपूर्वीची तयारी

बागेत पाऊल टाकण्यापूर्वी स्वयंपाकघर तयार असावे. ओटा मोकळा करावा, फ्रीजमध्ये एक कप्पा रिकामा ठेवावा, एक रुंद घमेले, चाळणी आणि दोन कोरडे सुती पंचे काढून ठेवावेत. सोबत धारदार कात्री आणि दोन उथळ परड्या घ्याव्यात. खोल बादलीत तळाचे टोमॅटो वरच्यांच्या भाराने फुटतात आणि ते फुटल्याचे संध्याकाळपर्यंत कळतही नाही. वजनकाटा असल्यास उत्तम, कारण पुढे मीठ आणि साखर यांची प्रमाणे वजनावरच ठरतात.

इशारा: झाडांवर कोणतीही फवारणी केली असेल, मग ती वनस्पतिजन्य का असेना, तर वेष्टनावर लिहिलेला प्रतीक्षाकाळ संपल्याखेरीज तोडणी करू नये. न कुजलेले शेणखत घातले असेल, तर मातीला टेकणारा भाग खाल्ला जाणाऱ्या पिकांसाठी, म्हणजे पालेभाज्या आणि कंदमुळांसाठी, खत घातल्यापासून १२० दिवस आणि मातीपासून वर लागणाऱ्या फळांसाठी ९० दिवस थांबावे, असा सेंद्रिय शेतीत रूढ असलेला दंडक आहे. पूर्ण कुजलेल्या कंपोस्टाला ही अट लागत नाही.

टप्पा २: वेळ आणि वय पाहून तोडणी

सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी तोडणी करावी. रात्रभर पाने पाण्याने भरून घेतात, त्यामुळे या वेळी ती टवटवीत असतात. दुपारी खुडलेली कोथिंबीर घरात येईपर्यंत मान टाकते. घेवड्याचा वेल ओला असताना त्यात हात घालू नये, कारण ओल्या पानांवरून रोग एका झाडावरून दुसऱ्यावर सहज जातो.

वय ओळखणे हे वेळेपेक्षाही महत्त्वाचे असते, आणि नेमके इथेच बहुतेकांचे चुकते. मोठे फळ म्हणजे चांगले फळ हा समज फळभाज्यांच्या बाबतीत सहसा खोटा ठरतो. भेंडीचे शेंडे बोटाने वाकवून पाहावे: कोवळ्या भेंडीचे टोक ‘कट्’ असा आवाज करून तुटते, निबर भेंडीचे टोक वाकते आणि दोऱ्यासारखे लोंबत राहते. वांग्याची साल चकचकीत असावी. अंगठ्याने दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून आला तर ते योग्य, तसाच राहिला तर आत बिया तपकिरी झालेल्या असण्याची शक्यता मोठी. घेवड्याची शेंग मधोमध मोडावी; ती स्वच्छ मोडली पाहिजे आणि आतले दाणे बाहेरून उठून दिसता कामा नयेत. मक्याच्या कणसाचे केस तपकिरी झाले की एका दाण्यात नख रोवावे. पाणी आले तर तो अजून कच्चा आहे, दुधाळ रस आला तर वेळ अचूक आहे, आणि काहीच आले नाही तर दाणा पिठूळ झाला आहे.

फळांचे गणित वेगळे आहे. टोमॅटो, आंबा, पपई, पेरू, केळी, चिकू आणि सफरचंद ही झाडावरून उतरवल्यावरही पिकतात, त्यामुळे पक्ष्यांचा त्रास असेल तर ती रंग बदलू लागताच काढता येतात. संत्री, लिंबू, द्राक्षे, डाळिंब आणि स्ट्रॉबेरी मात्र तोडल्यावर गोड होत नाहीत. त्यांच्या बाबतीत घाई म्हणजे कायमचे नुकसान होय.

तपासणी: परतण्यापूर्वी पानांखाली एकदा हात फिरवून पाहावा. काकडी लपण्यात तरबेज असते. नजरेतून सुटून वेलावरच पिवळी झालेली एक काकडी नव्या फळांचा जोम रोखते, म्हणून ती खायची नसली तरी तोडलीच पाहिजे. माझ्या वेलावर एकदा मनगटाएवढी जाड काकडी आठवडाभर दडून बसली होती, आणि त्या आठवड्यात एकही नवी कळी धरली नव्हती.

टप्पा ३: परडीची वाटणी

घरात येताच, धुण्याच्याही आधी, सगळा माल ओट्यावर पसरावा आणि त्याचे तीन वाटे करावेत.

पहिला वाटा ‘आजचा’: सर्व पालेभाज्या, मटार, मका आणि फुटलेले, चिरलेले किंवा किडीने टोचलेले प्रत्येक फळ. मटार आणि मका या वाट्यात येतात, कारण तोडल्या क्षणापासून त्यांच्यातील साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि उष्ण हवेत हा बदल काही तासांतच जिभेला जाणवतो. आज शिजवणे शक्य नसेल, तर ते निदान लगेच थंड जागी तरी ठेवावेत.

दुसरा वाटा ‘दोन-चार दिवसांचा’: घेवडा, भेंडी, काकडी, वांगी, फुलकोबी आणि पिकलेली फळे.

तिसरा वाटा ‘नंतरचा’: गाजर, बीट, कोबी, कांदा, बटाटा आणि सालीने टणक झालेला लाल भोपळा.

जेवणाचा बेत या वाटणीनंतरच ठरवावा, आणि तो पहिल्या वाट्यापासून सुरू व्हावा. भोपळ्याची भाजी करण्याची हौस आली म्हणून पालक उद्यावर ढकलला, तर परवा दोन्हींपैकी फक्त भोपळाच उरतो.

टप्पा ४: धुणे आणि ठेवणे

जे आज शिजवायचे तेच आज धुवावे. बाकीच्यांवरची माती कोरड्या फडक्याने पुसून तशीच ठेवावी, कारण ओलसरपणा हा साठवणीचा पहिला शत्रू आहे. पालेभाजी धुताना भरपूर पाण्यात बुडवून हलवावी, दोन मिनिटे स्थिर राहू द्यावी आणि मग हातांनी वर उचलून चाळणीत घ्यावी. अनेक जण घमेले तसेच चाळणीत उपडे करतात आणि तळाशी बसलेली रेती पुन्हा पानांवर ओततात. तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत ही क्रिया करावी. पावसाळी दिवसांत चार पाणी लागले तरी नवल नाही.

गाजर, मुळा आणि बीट यांची पाने कंदावर दोन-तीन सेंटिमीटर देठ राखून लगेच कापावीत. पाने राहिली तर ती कंदातले पाणी ओढून घेतात आणि दोन दिवसांत गाजर रबरासारखे वाकते. बीट आणि मुळ्याची कापलेली पाने टाकू नयेत. ती ‘आजच्या’ वाट्यात जातात.

फ्रीज सर्वांना मानवत नाही. टोमॅटो साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवल्यास त्यांचा सुगंध मंदावतो, म्हणून ते देठाची बाजू खाली करून बाहेरच ठेवावेत. अगदी पिकून लवू लागलेलेच काय ते आत जावेत. काकडी, वांगी आणि भेंडी यांनाही फ्रीजची थंडी बाधते, त्यावर पाणचट खड्डे पडतात. त्यांना फ्रीजच्या सर्वांत कमी थंड भागात आणि थोडेच दिवस ठेवावे. बटाटे अंधारात, हवेशीर आणि कांद्यापासून दूर असावेत. पिकणारी केळी, सफरचंदे किंवा टोमॅटो यांच्या शेजारी पालेभाजी आणि काकडी ठेवू नयेत, कारण त्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पाने आणि काकडी लवकर पिवळी पडतात. कच्ची पपई किंवा आंबा लवकर पिकवायचा असेल, तर हाच वायू उपयोगी पडतो: एका पिकलेल्या केळ्यासह ते फळ कागदी पिशवीत ठेवावे.

लाल भोपळा देठासह, देठ पाच-सात सेंटिमीटर राखून काढावा आणि उबदार, कोरड्या, हवेशीर जागी सुमारे दहा दिवस साल कडक होऊ द्यावी. देठ तुटलेला भोपळा टिकत नाही. तो दुसऱ्या वाट्यात टाकून लवकर संपवावा.

टप्पा ५: चुलीवर चढवण्यापूर्वीच्या तीन तपासण्या

हा टप्पा छोटा आहे, पण गाळण्यासारखा नाही.

दुधी, दोडका, काकडी आणि भोपळा यांचा कच्चा तुकडा, शक्यतो देठाकडचा, जिभेच्या टोकावर ठेवून पाहावा आणि थुंकून टाकावा. तो कडू लागला तर संपूर्ण फळ टाकून द्यावे. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा असतो. शिजवल्याने, मिठाने किंवा साखरेने तो निघत नाही, आणि अशा फळाच्या रसाने तीव्र उलट्या, जुलाब व क्वचित रक्ताची उलटीही होऊ शकते. पाण्याचा ताण आणि कडक ऊन यांमुळे तो वाढतो. स्वतः राखलेल्या बियांच्या वेलांवर हा धोका अधिक, कारण आदल्या हंगामात कडू जातीशी संकर झालेला असू शकतो. कारल्याचा कडूपणा निराळा आहे, त्याला हा नियम लागू नाही.

राजम्याचे दाणे घरी पिकवत असाल, तर ते निदान पाच तास भिजवावेत, ते पाणी फेकून नव्या पाण्यात खळखळ उकळी आणून किमान दहा मिनिटे तसेच उकळू द्यावे आणि मगच मऊ होईपर्यंत शिजवावे. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवल्याने त्यातील विषारी घटक निकामी होत नाही.

हिरवट झालेले किंवा कडवट लागणारे बटाटे खाऊ नयेत. उजेडात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते आणि उकडल्याने ते जात नाही.

टप्पा ६: हंगामाच्या तीन अवस्थांप्रमाणे रांधणे

‘हंगामी’ म्हणजे त्या ऋतूत येणारी भाजी, एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. बाग असणाऱ्याला मात्र एकाच झाडाचे तीन हंगाम पाहायला मिळतात, आणि तिन्हींना एकच कृती लावणे ही मला सर्वांत खटकणारी चूक वाटते.

घेवडाच घ्या. पहिल्या दोन आठवड्यांत शेंगा बोटभर, सडपातळ आणि रसरशीत असतात. त्यांना फक्त टोके खुडून, अगदी थोड्या तेलात, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे परतावे. मसाला जितका कमी तितके बरे. हंगाम भरात आला की शेंगा रोज परडीभर निघतात, शिरा दाट होतात, दाणा जाणवू लागतो. आता शिरा ओढून काढाव्यात, शेंगा तिरप्या बारीक चिराव्यात आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवाव्यात. बटाटा किंवा टोमॅटो यांची साथ या अवस्थेत मानवते. शेवटच्या टप्प्यात साल चामड्यासारखी होते. इथे हट्टाने शेंग शिजवणारे निराश होतात, वास्तविक शेंग सोडून दाण्यांकडे वळण्याची वेळ आलेली असते. ओले दाणे सोलून उसळीसारखे शिजवावेत, आणि तरीही वेलावर शेंगा राहिल्याच तर त्या वाळू देऊन कडधान्य म्हणून साठवाव्यात. ओला असो वा वाळलेला, दाणा पूर्ण शिजलाच पाहिजे.

टोमॅटोचा क्रम असाच आहे. पहिली मोजकी फळे कच्चीच, मीठ लावून खावीत. त्यांना आच दाखवणे म्हणजे त्यांचा अपमान आहे. भर हंगामात मोठे पातेले काढावे, फळे चिरून रुंद तोंडाच्या भांड्यात झाकण न ठेवता आटवावीत, कारण रुंद भांड्यात पाणी लवकर उडते आणि चव करपत नाही. हंगाम संपताना थंडी किंवा पाऊस यांमुळे न पिकलेली हिरवी फळे उरतात. टणक हिरव्या टोमॅटोची भाजी किंवा चटणी होते, आणि फिकट पडू लागलेली फळे कागदात गुंडाळून घरात पिकवता येतात.

पालेभाज्यांतही क्रम असाच चालतो. पहिली खुडणी कोशिंबिरीत कच्ची चालते, मधली परतून खावी, आणि फुलोऱ्यावर आलेल्या पाल्याची पाने उग्र होतात, तेव्हा देठ वगळून पाने डाळीत किंवा पिठात मिसळावीत.

तपासणी: चव पाहूनच कृती निवडावी. तुकडा चावून पाहिल्यावर तो गोड आणि करकरीत असेल तर आच कमी, पिठूळ असेल तर ओलावा जास्त, दोरकट असेल तर बारीक चिरणे किंवा गाळणे, एवढे सूत्र बहुतेक भाज्यांना पुरते.

टप्पा ७: शिजवताना काय आधी, काय नंतर

ताज्या भाजीत पाणी अधिक असते, त्यामुळे ती नेहमीच्या वेळेच्या दोन-तृतीयांश वेळात शिजते असे धरून आधीच झाकण उघडून पाहावे. पाणी घालण्यापूर्वी थांबावे. दुधी, पालक आणि टोमॅटो स्वतःच्याच रसात शिजतात.

आंबट पदार्थ शेवटी घालावेत, यामागे दोन कारणे आहेत. आम्लाने हिरवा रंग शेवाळी होतो, आणि बटाटा, कडधान्य किंवा गाजर आंबटात शिजायला फार वेळ घेतात. हिरवा रंग टिकवण्यासाठी सोडा घालण्याचा मोह टाळावा, कारण भाजी लगदा होते आणि काही जीवनसत्त्वेही नष्ट होतात. झाकण काढून, भरपूर उकळत्या पाण्यात थोडाच वेळ शिजवणे हा त्याहून चांगला उपाय आहे. लाल कोबीचे मात्र उलट आहे: थोडा लिंबाचा रस आधीच घातला तर तिचा रंग निळसर होत नाही.

टप्पा ८: उरलेल्या मालाची साठवण

जास्तीचा माल हा भर हंगामातला प्रश्न आहे, आणि घाईत केलेल्या साठवणीत धोकाही असतो, म्हणून येथे प्रमाणे काटेकोर पाळावीत.

गोठवणे: बहुतेक भाज्या गोठवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात, नाहीतर त्यांतील विकरे (एन्झाइमे) थंडीतही हळूहळू रंग आणि चव बिघडवत राहतात. अर्धा किलो भाजीला सुमारे चार लिटर खळखळते पाणी घ्यावे. भाजी घातल्यावर एका मिनिटात पुन्हा उकळी आली पाहिजे, न आल्यास भाजी जास्त झाली असे समजावे. वेळ उकळी परत आल्यापासून मोजावा: मटार दीड मिनिट, पालेभाजी दोन मिनिटे, घेवडा, फुलकोबीचे तुरे आणि लहान भेंडी प्रत्येकी तीन मिनिटे. तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवून पंचावर पूर्ण निथळावी, ताटात एकेरी थरात गोठवावी आणि मग पिशवीत भरावी. सगळे एकदम पिशवीत भरले तर एकच दगड तयार होतो. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश असावे. मिरची आणि टोमॅटो न उकळताच गोठवता येतात. गोठलेला टोमॅटो नळाखाली धरला की साल हातात येते. काकडी गोठवू नये.

मुरांबा आणि जॅम: पूर्ण पिकलेल्या फळांत घट्टपणा आणणारे पेक्टिन कमी असते, म्हणून एक-चतुर्थांश फळे किंचित कच्ची घ्यावीत. समुद्रसपाटीला सुमारे १०५ अंशांवर जॅम बसतो. उंच ठिकाणी पाणीच कमी तापमानाला उकळते, त्यामुळे दर ३०० मीटरला साधारण एक अंश वजा करावा. तापमापक नसेल, तर एक बशी आधीच फ्रीझरमध्ये ठेवावी, तिच्यावर चमचाभर जॅम टाकून मिनिटभराने बोटाने ढकलावा. पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या तर आच बंद करावी. एका वेळी दुप्पट माप करू नये. मोठे भांडे आटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पेक्टिन मोडते.

मिठात आंबवणे: चिरलेल्या कोबीच्या एक किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळावे आणि भाजी स्वतःच्या पाण्याखाली पूर्ण बुडेल असे वजन ठेवावे. वर आलेला पातळ पांढरा पापुद्रा काढून टाकता येतो. केसाळ, रंगीत बुरशी आली तर सगळी बरणी टाकावी.

इशारा: घेवडा, मटार, मका, गाजर यांसारख्या कमी आम्लाच्या भाज्या नुसत्या पाण्यात उकळून हवाबंद बाटलीत भरून बाहेर ठेवू नयेत. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवाबंद जागी ते वाढून विष तयार करतात. वास किंवा चव यांवरून ते नेहमीच ओळखू येते असे नाही. टोमॅटोही आम्लाच्या बाबतीत सीमेवरचा आहे, म्हणून बाटलीबंद करताना दर लिटरला दोन मोठे चमचे विकत मिळणारा बाटलीबंद लिंबूरस किंवा अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल घालावेच. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो. तेलात बुडवलेला ताजा लसूण किंवा हिरवा मसाला फ्रीजमध्येच ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा.

प्रत्येक पिशवीवर आणि बरणीवर नाव, वजन आणि तारीख लिहावी, आणि ती आधी लिहून मगच भरावी, कारण ओल्या आणि थंड पिशवीवर शाई धरत नाही. नवी पिशवी जुन्या पिशव्यांच्या मागे ठेवावी.